ओल्या धान्याचा ढीग आणि थर्मल कॅमेरा

हजरत अबू हुरैरा यांनी सांगितलेला एक प्रसंग ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे. प्रेषित मुहंमद (स.) एका विक्रेत्याच्या धान्याच्या ढिगाजवळून जात असतात. ते ढिगात हात घालतात. वरचं धान्य कोरडं, पण आत बोटांना ओल लागते. विक्रेता सांगतो, पावसात भिजलं. मग भिजलेलं धान्य वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं प्रेषित त्याला विचारतात. जो फसवतो तो आपल्यातला नाही, असंही बजावतात.

हा प्रसंग आपल्यातल्या बहुतेकांनी जुम्याच्या बयानात कधी ना कधी ऐकलेला असतो. माझ्या भाच्याने मला करिअरचा सल्ला विचारला, तेव्हा तो मला वेगळ्याच कारणाने आठवला.

भाचा सिव्हिल डिप्लोमावाला. चार वर्षं वॉटरप्रूफिंगच्या एका ठेकेदाराकडे काम करतो. आता त्याला स्वतंत्रपणे घरांची तपासणी करायची आहे. फ्लॅटचा ताबा घेण्याआधी किंवा जुनं घर विकत घेण्याआधी गिऱ्हाईक तपासणीसाला बोलावतं, तो गळती, ओल, भेगा, वायरिंग पाहून लेखी अहवाल देतो. अमेरिकेत हा धंदा जुना आहे. पुण्या-मुंबईतही आता जम बसवतो आहे. या कामात थर्मल कॅमेरा लागतो आणि कॅमेऱ्यासोबत प्रमाणपत्र असलं की गिऱ्हाईक विश्वास ठेवतं. भाच्यापुढे तीन रस्ते होते. एक, घरबसल्या काही तासांचा ऑनलाइन कोर्स आणि व्हिजिटिंग कार्डावर छापायला चिन्ह. दोन, चार दिवसांचा ‘लेव्हल वन’ कोर्स. तीन, फक्त इमारतींसाठीचा छोटा कोर्स. “मामू, चिन्ह तर सगळेच देतात. मग जास्त पैसे कशाला घालायचे?” असा त्याचा प्रश्न.

मी चौतीस वर्षं बांधकामाच्या साइटवर काढली, म्हणून तो माझ्याकडे आला. मी म्हटलं, आधी कॅमेरा काय पाहतो ते समजून घे, मग कोर्स निवड.

थर्मल कॅमेरा पाणी पाहत नाही. तो भिंतीच्या आतही पाहत नाही. वस्तूच्या पृष्ठभागातून निघणारे अवरक्त किरण तो टिपतो आणि त्यावरून तापमानाचं रंगीत चित्र काढतो. विल्यम हर्शेलने 1800 साली सूर्यप्रकाशाच्या लाल पट्ट्यापलीकडे तापमापी ठेवून हे किरण शोधले. तो पलीकडचा भाग डोळ्याला दिसत नव्हता, पण तापमापीचा पारा चढत होता. ओल्या प्लास्टरमधलं पाणी सुकताना उष्णता घेतं, म्हणून तो भाग आजूबाजूपेक्षा थंड दिसतो. चित्रातला तो निळा डाग म्हणजे ओल असेलच असं नाही. एसीच्या थंड हवेचा झोत छतावर पडला की तसाच डाग दिसतो. वीटकामाच्या शेजारी काँक्रीटचा कॉलम वेगळ्या वेगाने तापतो आणि निवतो, त्याचा पट्टा दिसतो. चकचकीत टाइलवर तर तपासणाऱ्याच्या अंगाची ऊबच परतून येते आणि नवखा माणूस स्वतःच्या प्रतिबिंबालाच दोष समजतो.

उलटंही होतं. ओल असते आणि दिसत नाही. चित्र उमटायला तापमानात फरक हवा. अमेरिकेतल्या थंड प्रदेशात हिवाळ्यात घर आतून तापवलेलं, बाहेर कडाका, म्हणून फरक आयता मिळतो. तिथल्या भिंती लाकडी चौकटीच्या, मध्ये उष्णतारोधक भरलेलं. बरेच कोर्स त्या घरांसाठी बनलेत. आपल्याकडे जुलैत मुंब्र्याच्या फ्लॅटमध्ये आत आणि बाहेर जवळपास सारखंच तापमान. हवा इतकी दमट की भिंत सुकतच नाही, मग थंड तरी कशी होणार? अशा वेळी तपासणीसाला फरक तयार करावा लागतो. पश्चिमेची भिंत ऊन खाऊन झाल्यावर संध्याकाळी बघायची. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये पाणी कोंडून ठेवायचं आणि खालचं छत आधी व नंतर, दोन्ही वेळा टिपायचं. आणि प्रत्येक संशयित जागी मॉइश्चर मीटर लावून खात्री करायची. प्रेषितांनी ढिगात हात घातला होता. नुसतं वरून पाहून ते बोलले नाहीत.

आता प्रमाणपत्राचं. इथे एक गोम आहे. ‘प्रशिक्षण घेतलं’ आणि ‘प्रमाणित झाला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विनाविध्वंस चाचणीच्या क्षेत्रात अमेरिकन संस्थेचा ‘एसएनटी-टीसी-1ए’ हा दस्तऐवज फार चालतो. त्यानुसार संस्था शिकवते, पण माणसाला प्रमाणित करतो त्याचा मालक, आपल्या लेखी पद्धतीप्रमाणे. कारखान्यात हे ठीक. पण स्वतःच मालक आणि स्वतःच नोकर असलेल्या तपासणीसाचं काय? त्याने स्वतःलाच प्रमाणित म्हणवून घेण्यासारखं होतं. ‘आयएसओ 9712’ची रीत वेगळी. तिथे तिसरी, स्वतंत्र संस्था परीक्षा घेते. शिवाय लेव्हल वन म्हणजे शेवटची पायरी नव्हे. ठरलेल्या पद्धतीने नीट मोजणं हे लेव्हल वनचं काम, पद्धत ठरवणं आणि अर्थ लावण्याची मोठी जबाबदारी लेव्हल टूची. आपल्याकडे गृहनिरीक्षकाला वेगळा सरकारी परवाना लागत नाही. अमेरिकेतही टेक्सासमध्ये लागतो, कॅलिफोर्नियात लागत नाही. म्हणजे दारावरची पाटी वाचून माणूस ओळखता येत नाही.

भाच्याला मी काही प्रश्न लिहून दिले, कोर्सवाल्यांना फोन करून विचारायला. कॅमेरा प्रत्येकाच्या हातात देता की पडद्यावर चित्रं दाखवता? शिकवणाऱ्याने घरं तपासली आहेत की फक्त इलेक्ट्रिक पॅनेल आणि मोटारी? वीट आणि काँक्रीटच्या घरांची उदाहरणं आहेत का? एमिसिव्हिटी आणि परावर्तन प्रत्यक्ष मोजायला लावता का? मॉइश्चर मीटर वापरायला शिकवता का? शेवटी प्रत्यक्ष जागेवरचा अहवाल तपासून देता का? आणि कुणी नापास होतं का? या शेवटच्या प्रश्नावर एका ठिकाणी ‘आमच्याकडे शंभर टक्के पास’ असं अभिमानाने सांगण्यात आलं. भाच्याने ते नाव स्वतःच खोडलं.

मी एवढा आग्रह का धरला, तेही सांगतो. आपल्या माणसाला हव्या त्या सोसायटीत घर मिळतंच असं नाही. नाव ऐकलं की ‘फ्लॅट कालच गेला’ म्हणणारे दलाल आपण पाहिलेत. मग मुंब्रा, मीरा रोड, कोंढवा अशा ठरावीक वस्त्यांत शोध चालतो आणि निवड कमी असली की घासाघीस करायची ताकदही कमी. त्यातच आपल्यातले कितीतरी जण व्याज नको म्हणून बँकेचं कर्ज घेत नाहीत. आखातात काढलेली वर्षं, बायकोचे दागिने, भावाची मदत, सगळं एकत्र करून रोखीने घर घेतात. त्यांचा निर्णय मला समजतो. पण कर्ज असलं की बँकेचा मूल्यांकन करणारा येऊन जागा बघतो, बँकेचा वकील कागद वाचतो. कर्ज न घेणाऱ्यासाठी ही दोन माणसं येतच नाहीत. नव्या रंगाखाली काय दडलंय ते सांगणारा तपासणीस हाच त्याचा एकमेव त्रयस्थ डोळा.

आणि त्या अहवालाला किंमत आहे. 2016च्या रेरा कायद्याच्या कलम 14(3)नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष नजरेस आणला, तर बिल्डरने तीस दिवसांत विनामोबदला दुरुस्ती करायची असते. अशा वेळी चुकीचा अहवाल गरिबाला खोटी आशा लावतो किंवा बिल्डरवर खोटा आळ घेतो. दोन्ही वाईट. अहवाल ही साक्ष आहे, आणि साक्षीबद्दल आपल्या दीनमध्ये काय सांगितलंय ते मी वेगळं सांगायला नको.

म्हणून मी दोन अटी घातल्या. पहिली, अहवालात ‘हे या तपासणीत कळू शकत नाही’ असा रकाना हवाच. 4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याला बेकायदा इमारत कोसळून 74 माणसं गेली. काँक्रीटची ताकद थर्मल कॅमेरा सांगत नाही, त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि वेगळ्या चाचण्या लागतात. ‘कॅमेऱ्याने पाहिलं, इमारत मजबूत आहे’ असं लिहिणं म्हणजे जिवाशी खेळ.

दुसरी अट भाच्याला जड गेली. ज्या घराची तपासणी करशील तिथलं वॉटरप्रूफिंगचं काम घ्यायचं नाही. “मग मामू, पैसे कशात मिळणार?” तो म्हणाला. प्रश्न खोटा नाही, त्याचं लग्न ठरलंय. पण अमेरिकेतल्या गृहनिरीक्षकांच्या ‘आशी’ या संस्थेच्या आचारसंहितेतही तपासलेल्या घरातली दुरुस्ती वर्षभर पैसे घेऊन करायची नाही असं कलम आहे. ज्याला दुरुस्ती विकायची आहे त्याला प्रत्येक निळा डाग ओलच दिसणार. ठेकेदार ‘तपासणी फुकट’ म्हणतात, त्याची किंमत पुढे कोब्याच्या आणि केमिकलच्या बिलात वसूल होते.

भाच्याने चार दिवसांचा लेव्हल वन निवडला, परीक्षा आणि जागेवरचा अहवाल असलेला. इमारतींचा कोर्स पुढच्या वर्षी करणार. महागडा कॅमेरा तूर्त भाड्याने, आणि विकत घेतलंय ते फक्त मॉइश्चर मीटर. तोवर दुसऱ्या एका अनुभवी तपासणीसाच्या हाताखाली जायचं ठरलंय. पगार आत्तापेक्षा कमी आहे. माझी बहीण त्यावरून माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

तुम्ही घर घेत असाल आणि कुणी कॅमेरा घेऊन आला, तर त्याचं प्रमाणपत्र जरूर बघा. कोणी दिलं, परीक्षा कोणी घेतली ते विचारा. मग भिंतीवरच्या एखाद्या डागाकडे बोट दाखवून विचारा, ही ओलच आहे हे कशावरून? तो मीटर काढून त्या जागी टेकवत असेल, तर त्याला चहा द्या आणि काम करू द्या.