दोघांचे लंडन

लंडनला जाणाऱ्या मराठी माणसाची वाट ठरलेली असते. टॉवरमध्ये जाऊन कोहिनूरकडे पाहत एक उसासा टाकायचा, ब्रिटिश म्युझियममध्ये पाय दुखवून घ्यायचे आणि डॉ. आंबेडकर विद्यार्थिदशेत जेथे राहिले त्या किंग हेन्रीज रोडवरच्या घरापुढे हात जोडायचे. गेल्या मे महिन्यात मीही हे सारे यथासांग केले. पाचव्या दिवशी मात्र मी माझ्या थोरल्या भावाबरोबर चेल्सीतल्या किंग्ज रोडवर एका दुकानाची जागा शोधत होतो. ते दुकान केव्हाच बंद पडलेले. त्यात मिळत असे ते इलेक्ट्रॉनिक सामान. पन्नाशी ओलांडलेला एक इंजिनिअर आणि पंचेचाळिशीतला मराठीचा एक प्राध्यापक यांनी हा उद्योग का करावा, हे सांगायचे तर आधी घरातले थोडे सांगायला हवे.

दादा लंडनजवळ हॅरोला राहतो. आमचे घर सांगलीचे. बाबा गेल्यावर त्या घरावरून आम्हा दोघांत बिनसले. भांडण असे झाले नाही. मी एक पत्र लिहिले, आणि ते प्राध्यापकाचे पत्र होते. मुद्दे क्रमवार, उपहास जागच्या जागी. त्याला उत्तर आले नाही. पुढे आठ वर्षे आमचे संभाषण वाढदिवसाच्या शुभेच्छांपुरते उरले. आता एका परिषदेच्या निमित्ताने मी त्याच्याकडे उतरलो होतो, आणि माझ्या बॅगेच्या तळाशी हक्कसोडपत्राचा मसुदा होता. त्याने आपला हिस्सा सोडावा, सही करावी आणि विषय संपावा, असा माझा बेत. चार दिवस झाले तरी कागद बाहेर काढायला धीर होईना. जेवताना आम्ही हवामानावर बोलत होतो. इंग्लंडात हवामान पुष्कळ असते म्हणून बरे!

शेवटी वहिनीच म्हणाल्या, "भावजी, घरात बसून काय करताय? दोघे भाऊ कुठेतरी फिरून या बघू."

दादाने बूट घालता घालता विचारले, "पेट शॉप बॉईज आठवतात तुला?"

आठवतात म्हणजे काय! १९८८ साली मी आठ वर्षांचा होतो आणि दादा पंधराचा. त्याने कुणाकडून तरी एक कॅसेट भरून आणली होती. तबला नाही, पेटी नाही, एकसारखा ठोका आणि त्यावर कुणीतरी गाते आहे की बोलते आहे अशा बेताचा एक आवाज. बाबा संस्कृतचे शिक्षक. त्यांनी नाव विचारले. दादाने सांगितले. "म्हणजे कुत्रीमांजरी विकणारी पोरे!" असा अर्थ लावून ते संध्येला बसले. बाबांची व्युत्पत्ती फारशी चुकली नव्हती. ईलिंग भागात पाळीव प्राण्यांच्या दुकानात काम करणाऱ्या मित्रांवरूनच या जोडीने आपले नाव घेतले होते.

स्लोन स्क्वेअरला उतरून आम्ही किंग्ज रोडला लागलो. साठीच्या दशकात आखूड झग्यांनी आणि सत्तरीत फाटक्या कपड्यांच्या पंक पोरांनी गाजवलेला हा रस्ता आता फार सभ्य झाला आहे. १९८१ च्या ऑगस्टमध्ये याच रस्त्यावरच्या त्या दुकानात दोन गिऱ्हाइके बोलू लागली. एक नील टेनंट, वय सत्तावीस, एका प्रकाशनगृहात संपादक. त्याआधी अमेरिकन चित्रकथांतली भाषा ब्रिटिश वाचकांसाठी सुधारण्याची नोकरी त्याने केली होती. माझ्या जातीचाच माणूस म्हणायचा! दुसरा ख्रिस लो, वय एकवीस, ब्लॅकपूलचा, लिव्हरपूलला वास्तुशास्त्र शिकणारा आणि अनुभवासाठी लंडनच्या एका कचेरीत आलेला. मिल्टन कीन्स गावातल्या एका इमारतीचा जिना त्याने आखला आहे.

"म्हणजे संगीत चालले नसते तर जिने होतेच," मी म्हणालो. दादा चार दिवसांत प्रथमच हसला.

त्या काळी सिंथेसायझर नुकते स्वस्त होऊ लागले होते. दिसायला पेटीसारख्या पट्ट्या, पण आत भाता नाही. विजेच्या दाबाने सूर उपजवायचा आणि नको तो भाग गाळून त्याला हवा तसा आकार द्यायचा. त्याच्या जोडीला ठोका धरणारे यंत्र. पूर्वी ज्या नादासाठी वीस वादक लागत, तो आता भाड्याच्या खोलीत दोघांना काढता येऊ लागला. म्हणूनच त्या वर्षांत इंग्लंडात अशा जोड्यांचे पीक आले: सॉफ्ट सेल, याझू, पुढे इरेझर. बहुतेकांचे काही काळाने फाटले, काही पुन्हा जुळले. हे दोघे मात्र फुटलेच नाहीत.

दुकान काही सापडले नाही. एका तयार कपड्यांच्या दुकानापुढे दादा उगाच थांबला, "इथे असेल," म्हणाला, आणि आम्ही दोघांनीही ते मान्य केले.

पुढे लाल दुमजली बसने वेस्ट एन्डला गेलो. नाटकगृहे, दिव्यांच्या पाट्या, रुंद दुकाने. लंडनचा हा चैनीचा भाग. गोदीच्या बाजूचा ईस्ट एन्ड म्हणजे कष्टकऱ्यांचा. पूर्वेची मुले आणि पश्चिमेच्या मुली यांच्यातले अंतर हाच 'वेस्ट एन्ड गर्ल्स' या त्यांच्या पहिल्या गाजलेल्या गाण्याचा विषय. गिरणगाव आणि मलबार हिल म्हटले की आपल्याला कळते. पण मला चकित केले ते दुसऱ्याच गोष्टीने. या गाण्यामागे टी. एस. एलियटच्या 'द वेस्ट लँड'चा संस्कार असल्याचे टेनंटने सांगितले आहे. एकाच कवितेत अनेक माणसांचे आवाज एकमेकांत मिसळावेत, ही त्याला भावलेली युक्ती. त्याला त्याने न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरच्या रॅपची, म्हणजे तालात बोलण्याची, जोड दिली. मर्ढेकर शिकवताना दरवर्षी मी एलियटचे नाव फळ्यावर लिहितो. तोच एलियट आमच्या माजघरात टेपरेकॉर्डरमधून बोलत होता, आणि मी त्याला टकटकाट समजत होतो!

यश काही धावत आले नाही. टेनंट पुढे 'स्मॅश हिट्स' या संगीतविषयक पाक्षिकात लागला. त्या पाक्षिकाच्याच कामासाठी १९८३ साली तो न्यूयॉर्कला गेला, आणि तेथे बॉबी ऑर्लँडो या आपल्या आवडत्या निर्मात्याला भेटला. त्याच्याकडे केलेले 'वेस्ट एन्ड गर्ल्स' १९८४ साली निघाले. काही नृत्यगृहांत वाजले, पण इंग्लंडात कुणी विचारले नाही. १९८५ साली टेनंटने नोकरी सोडली. पार्लोफोन कंपनीने काढलेले त्यांचे पहिले गाणेही पडले. तेव्हा स्टीफन हेग या निर्मात्याबरोबर त्यांनी जुनेच गाणे पुन्हा केले, चाल संथ केली, त्यात रस्त्याचे आवाज भरले. १९८६ च्या जानेवारीत ते इंग्लंडात आणि मे महिन्यात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले. टेनंट एकतिशीत होता. पुढच्या दोन वर्षांत 'इट्स अ सिन', 'ऑल्वेज ऑन माय माइंड' आणि 'हार्ट' हीही इंग्लंडात पहिली आली. डस्टी स्प्रिंगफील्ड ही साठीच्या दशकातली थोर गायिका. तिला बोलावून त्यांनी १९८७ साली तिच्याबरोबर एक गाणे केले आणि लोकांना तिची पुन्हा आठवण झाली.

चालत चालत आम्ही ट्रॅफल्गर चौकात आलो. दादा पायऱ्यांवर बसला. "दोन हजार चारच्या सप्टेंबरात मी इथे उभा होतो," तो म्हणाला. "आयझेनस्टाइनचा मूकपट लावला होता, 'बॅटलशिप पोटेमकिन'. या दोघांनी त्याला नवे संगीत दिले होते. जर्मनीहून ड्रेस्डेनचा वाद्यवृंद आलेला. फुकट होते. पाऊस पडत होता, आणि हजारो माणसे हलली नाहीत."

त्या चित्रपटात ओडेसाच्या पायऱ्यांवरचा गोळीबार आहे. जिन्यांवरून निघालेला वास्तुशास्त्राचा विद्यार्थी शेवटी जगातल्या सर्वांत प्रसिद्ध जिन्याला संगीत द्यायला आला, असे मी बोललो. दादा पुन्हा हसला. मग म्हणाला, "तू असायला हवा होतास, असे वाटले होते तेव्हा."

यावर काय बोलावे मला सुचेना. मी विचारले, "या दोघांची भांडणे होत नसतील का रे?"

"होत असतील. पण बघ, एक गातो, बोलतो, मुलाखतीत विद्वत्ता पाजळतो. दुसरा टोपी आणि काळा चष्मा घालून मागे गप्प उभा. चेहऱ्यावर हसूही नाही. लोकांना वाटते, हा काय करतो? पण गाण्यावर नाव दोघांचे. कुणी किती केले याचा हिशेब बाहेर कधी दाखवला नाही."

हे तो टेनंट आणि लो यांच्याविषयी बोलत होता, यात शंका नाही. तरी बॅगेतला तो मसुदा मला आठवलाच.

परतताना दादा म्हणाला, "किंग्ज क्रॉसवरून जाऊ." उत्तरेकडून, न्यूकॅसलहून येणारा माणूस लंडनला प्रथम पाय ठेवतो तो या स्थानकात. आपल्याकडे कोकणातून किंवा देशावरून आलेल्याला दादर, तसे हे. टेनंट न्यूकॅसलजवळचाच. नशीब काढायला आलेल्या आणि हाती काही न लागलेल्या माणसांवर त्यांनी या स्थानकाच्या नावाचेच एक गाणे केले. ते १९८७ च्या सप्टेंबरात बाहेर पडले. नोव्हेंबरच्या १८ तारखेला इथल्या भुयारी स्थानकात लाकडी सरकत्या जिन्याखाली जळती काडी पडून आग लागली आणि ३१ माणसे दगावली. मग त्या गाण्याकडे लोक निराळ्या कानांनी पाहू लागले.

फलाटाच्या कठड्याशी दादा उभा राहिला. "माझी पहिली नोकरी न्यूकॅसलला होती, ठाऊक आहे ना? ती सुटली आणि दोन बॅगा घेऊन मी इथे उतरलो. घ्यायला कुणी नव्हते. इथूनच घरी फोन केला. बाबांनी विचारले, जेवलास का? मी हो म्हणालो."

"जेवला नव्हतास?"

"छे!"

चोवीस वर्षे ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. माझ्या पत्रातला 'परदेशी सुखात बसलेल्यांना' हा शब्दप्रयोग मला तेथे उभ्या उभ्या आठवला.

गाडीला वेळ होता. दादाने फोनवर एक गाणे लावले आणि दोघांच्या मध्ये धरले. 'बीइंग बोअरिंग', १९९० चे. तरुणपणी जमलेली मित्रमंडळी आणि पुढे त्यांतली हरवलेली माणसे, असा त्याचा विषय. टेनंटचा न्यूकॅसलपासूनचा एक मित्र एड्सने गेला होता, त्याची ती आठवण. तेव्हा ते विसाव्या क्रमांकापुढे गेले नाही. आज त्यांच्या चाहत्यांना बहुधा हेच सर्वांत प्रिय आहे. यंत्रात काळीज नसते म्हणतात. खरे असेल. पण ते वाजवणाऱ्याला असते, आणि पेटीही शेवटी लाकूडच की!

"ही कॅसेट तू कॉलेजला गेल्यावर मी चोरून ऐकत असे," मी कबुली दिली.

"ठाऊक होते. मी थांबवली तेथे ती कधी सापडायचीच नाही."

हे दोघे अजून थांबलेले नाहीत. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या समारोपात ते सायकलरिक्षात बसून गात आले. २०२४ साली त्यांचा पंधरावा अल्बम निघाला. तेव्हा टेनंट एकोणसत्तर वर्षांचा होता.

घरी वहिनींनी विचारले, "काय काय पाहिलंत मग?" दादा म्हणाला, "एक दुकान. सापडलं नाही." त्या आमच्याकडे बघतच राहिल्या.

त्या रात्री मी बॅग आवरली. मसुदा तळाशी होता तसाच ठेवला आणि तसाच सांगलीला परत आणला. आमच्या घराच्या उताऱ्यावर दोन नावे आहेत. असू देत. कपाटातली कॅसेट मात्र दादाने मागितली आहे. ती वाजत नाही, हे मी त्याला अजून सांगितलेले नाही.