कोशाच्या कोटाला वारा द्या

भंडारा-पवनी रस्त्यावरच्या आमच्या अड्याळात लग्नसराई सरली की कोट पेटीत जातात. पावसाळ्यानंतर बाहेर काढावेत, तर कॉलरवर पांढरी बुरशी. धानाचा मुलूख हा. मृगापासून हस्तापर्यंत भिंतीसुद्धा ओल सोडत नाहीत. अंगावर माप घेऊन शिवलेला कपडा त्या ओलीत कोंडलेला पाहिला की जीव हळहळतो.

कोट कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा असेल तर अधिकच. हे कापड आपल्याच जिल्ह्यात, मोहाडी-आंधळगावच्या मागांवर विणलं जातं. ऐन-अर्जुनाचा पाला खाऊन अळी झाडावरच कोष करते. ती पाखरांच्या तोंडी जाऊ नये म्हणून ढिवर बांधव रानात राखण करत बसतात. मग कोष उकळून धागा काढायचा. रंगवण्याआधीच त्याला मधासारखी सोनेरी झाक असते. कापडावरून हात फिरवला तर मधेच एखादी जाड गाठ बोटाला लागते. तो दोष नव्हे, हाताने काढलेल्या धाग्याचा स्वभाव आहे.

रेशीम हे प्रथिन, आपल्या केसांसारखं. धुण्याचा सोडा आणि कडक साबण त्याला खातात, रिठ्याचं पाणी मानवतं. पण ते साडीला, उपरण्याला. कोटाच्या छातीत कॅनव्हास नाहीतर चिकटवलेलं बकरम असतं. भिजलं की वरचं कापड आणि आतलं वेगवेगळं आटतं, फुगे येतात. माप घेताना आमचे टेलर मास्तर बजावत, "कोट धुवाचा नसते बापू, झटकाचा असते."

झटकणं म्हणजे काय, ते नीट सांगतो. घरी आल्याबरोबर खिसे रिकामे करावेत. रुंद खांद्यांच्या लाकडी हँगरवर कोट रात्रभर वाऱ्याला ठेवावा. खिळ्याला टांगला तर मानेखाली कुबड येतं. सकाळी मऊ ब्रश वरून खाली फिरवावा, कॉलर उलटून आणि खिशाच्या झडपा उचलून, कारण धूळ आणि घाम तिथेच दडतात. इस्त्री ओलसर मलमलीवरूनच. घाईत कोळशाची तापलेली इस्त्री थेट टेकवली की कापडावर चकाकी येते, ती पुढे जात नाही.

लग्नातल्या हळदीला साबण लावू नका, डाग लाल होतो. हळद उजेडाने विटते, पण कडक उन्हात रेशीमही विटतं. म्हणून सकाळचं कोवळं ऊन, तेही थोडाच वेळ.

ड्रायक्लीन क्वचितच करावं. द्यायचंच तर कोट-पँट जोडीने द्यावी, नाहीतर दोघांचे रंग पुढे जुळत नाहीत.

दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी मात्र त्याच दिवशी काढून टाका. जुन्या धुतलेल्या सुती धोतरात कोट गुंडाळा, वाळलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवा. धोतरात खळ राहू देऊ नका, कसर खळीवर येते. ठेवण्याआधी डाग काढा. कापड खाणाऱ्या अळ्या आधी घामाच्या आणि अन्नाच्या डागाला लागतात.

शिवायला टाकताना मास्तरांना शिवणीत माया जास्त सोडायला सांगा, म्हणजे धाकट्या भावालाही तो कोट उसवून बेतता येईल. आणि श्रावणात उघडीप पडली की पेटी उघडा, कोट वाऱ्याला काढा, घड्या बदला. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, तेव्हा तो खुशाल घाला.