जामीन

एरंडोलला हायवेच्या कडेला अब्बांचे गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे वर पत्रे, खाली तेल पिऊन काळी झालेली जमीन, भिंतीवर टांगलेले पाने आणि गिऱ्हाइकांसाठी एक लाकडी बाक. नागपूर-सुरत रस्त्याला तेव्हा सहा नंबरचा हायवे म्हणत, आता त्याचा नंबर त्रेपन्न झाला. नंबर बदलला तरी माझ्या लहानपणापासून अब्बा त्याच जागी बसलेले आहेत. धरणगाव-पारोळ्याच्या काळ्या-पिवळ्या जीप, कापूस भरलेल्या मॅटाडोर, नंतर मारुती ८००, अशा सगळ्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या. गिऱ्हाईक घाबरून विचारायचे, "काय व्हयनं मिस्तरी?" अब्बा बोनेटवर हात ठेवून थोडा वेळ इंजिन ऐकायचे आणि म्हणायचे, "मैं बैठा हूँ ना."

या चार शब्दांवर लोक गाड्या घेत. कोणी जुनी जीप पाहायला मालेगावला निघाला की अब्बांना सोबत नेई. अब्बांनी मान हलवली तरच सौदा व्हायचा. महिन्याभरात तेच काम पुन्हा निघाले तर ते पैसे घेत नसत. पावती नव्हती, मुदत लिहिलेली नव्हती.

मी या गॅरेजच्या कमाईवर बी.एड. झाले. तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून आठ हजार रुपये मानधनावर काढली. (आम्हा शिक्षकांची ही उलटी वॉरंटीच असते. तीन वर्षांत खोट निघाली तर परत.) उर्दू माध्यमाच्या शाळेत कायम झाले, तेव्हा जाण्यायेण्याचा प्रश्न होता. आधी एस.टी., मग काळी-पिवळी, मग स्कुटी. शाळा कासोद्याकडे, रोजचे जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. खानदेशच्या मे महिन्यात बोर्डाच्या कामासाठी दुपारी स्कुटीवर निघणे काय असते ते इकडच्यांना सांगायला नको. व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही, हे घरात ठरलेलेच होते. त्यामुळे भिशी आणि पगारातली बचत मिळून रक्कम जमायला सहा वर्षे लागली.

२०२४ मध्ये रक्कम जमली आणि घरात पहिल्यांदाच मी आणि अब्बा समोरासमोर उभे राहिलो.

अब्बांनी माझ्यासाठी गाडी शोधूनच ठेवली होती. पाच वर्षे जुनी, एका डॉक्टरांनी वापरलेली, माझ्या रकमेच्या निम्म्यात. "इंजन मक्खन है. बाकी मैं बैठा हूँ ना." मला नवी हवी होती. त्या वर्षी जुलैमध्ये मारुतीने आपल्या गाड्यांची मूळ वॉरंटी दोन वर्षे किंवा ४० हजार किलोमीटरवरून तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर केली होती. स्टाफरूममध्ये त्याचीच चर्चा होती. कोणती कंपनी किती वर्षे देते, कोण पैसे भरून पाच-सहा वर्षांपर्यंत वाढवून देते, याचे आकडे आमच्या गणिताच्या सरांना तोंडपाठ. त्यांनीच मला शिकवले की "तीन वर्षे किंवा एक लाख" यातला "किंवा" नीट वाचायचा. जे आधी संपेल ते. माझी गाडी वर्षाला आठ-नऊ हजार चालणार, म्हणजे लाख व्हायला अकरा वर्षे. तेव्हा माझ्यासाठी किलोमीटरला अर्थ नाही, फक्त वर्षांना आहे. उलट सुरतेच्या भाड्यावर रोज गाडी पळवणाऱ्याची वर्षे शिल्लक राहतात आणि लाख आधी संपतो. एकच कागद, पण दोघांच्या हातात वेगळी मुदत.

शिवाय त्या कागदात काय नाही, तेही वाचावे लागते. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, बल्ब झिजणारच, ते आपले. टायर आणि बॅटरीची जबाबदारी त्या त्या बनवणाऱ्याची. बाहेरून हॉर्न किंवा टेप बसवताना वायर कापली तर त्या वायरिंगचे कोणी ऐकून घेत नाही. उंदराने वायर कुरतडली तर तीही आपलीच. आमच्याकडे जिनिंगजवळ राहणाऱ्यांनी हे कलम मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. ठरलेल्या वेळी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस झालीच पाहिजे. ते वर्कशॉप जळगावला, म्हणजे पाळधी ओलांडून, बांभोरीचा गिरणेवरचा पूल पार करून, एक रजा टाकून.

अब्बा म्हणाले, "दुगने पैसे देके छुट्टी भी डालेगी?"

मी म्हटले, शाळा दूर आहे, रस्त्यात बंद पडली तर? खरे कारण मी सांगितले नाही. त्याच्या आदल्या वर्षी अब्बांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला होता. बारीक नट हातातून निसटायचा आणि ते शेजारच्या पोऱ्याला ओरडायचे, जणू त्यानेच पाडला. मी पाहत होते. त्यांनाही माहीत होते की मी पाहते. जुनी गाडी घेणे म्हणजे अब्बांच्या हातावर दहा वर्षांचा भरोसा टाकणे होते. मी तीन वर्षांचा कागद निवडला.

मी भाषा शिकवते, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जाते. गॅरंटी आणि वॉरंटी हे दोन्ही मुळात एकच शब्द. जुन्या फ्रेंचच्या दोन बोलींतून इंग्रजीत दोन वेळा आला. आपल्याकडे दुकानदाराने त्याचे वाटप करून टाकले: गॅरंटी म्हणजे बदलून देणार, वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून देणार. १९३० च्या माल विक्री कायद्यात तर वॉरंटी हा दुय्यम वायदा आहे. मुख्य अट मोडली तर माल नाकारता येतो, वॉरंटी मोडली तर फक्त भरपाई मागता येते. आपल्या फिकहमधला "खियारे ऐब" यापेक्षा सरळ वाटतो. विकणाऱ्याकडे असतानाच मालात लपलेला ऐब नंतर निघाला तर घेणाऱ्याला सौदा परत करण्याचा हक्क. उर्दूत जबाबदारी घेणाऱ्याला जामिन म्हणतात. तोच अरबी शब्द मराठीत जामीन झाला आणि आता ऐकला की कोर्टच आठवते. एरवी जामीन म्हणजे माणूस होता, जो दुसऱ्यासाठी उभा राहतो.

हे सगळे का लागते, याचे उत्तर जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन दिले होते. गाडीत काय खोट आहे ते विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते; म्हणून घेणारा चांगल्या गाडीलाही वाईट गाडीचाच भाव देतो, आणि मग चांगल्या गाड्या बाजारात येईनाशा होतात. २००१ साली त्यांना नोबेल मिळाले. वॉरंटी ही त्या अविश्वासावरची एक तोड. ह्युंदाई १९८६ मध्ये अमेरिकेत गेली, सुरुवातीला खपली आणि मग दर्जावरून तिची टिंगल होऊ लागली. १९९८ मध्ये तिने इंजिन-गिअरबॉक्सला दहा वर्षे किंवा एक लाख मैलांची वॉरंटी जाहीर केली, आणि लोक परत तिच्या दुकानात शिरले. माझ्यासारखेच असतील ते. ज्यांच्या घरी मिस्तरी नव्हता, किंवा होता आणि त्याचा हात थरथरत होता.

गाडी आली. अब्बांनी बोनेट उघडले, आत पाहिले, कशालाही हात न लावता बंद केले. "सब प्लास्टिक से ढाँक दिया," एवढेच बोलले.

२०२५ च्या पावसाळ्यात पुढच्या उजव्या चाकातून घूं घूं असा आवाज येऊ लागला. अब्बा शेजारी बसले. एक किलोमीटरही झाला नसेल, म्हणाले, "बेअरिंग. दो घंटे का काम." आणि जॅक आणायला उठले. मी म्हणाले, "अब्बा, रहने दो. वॉरंटी जाईल."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना गाडीला हात लावू दिला नाही.

जळगावला गेलो. काउंटरवरच्या मुलाने गाडी फिरवून आणली आणि कार्डावर लिहिले, आवाज आढळला नाही. आठवड्याने पुन्हा रजा, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी अब्बा सोबत आले. आत जाण्यास ग्राहकांना मनाई, अशी पाटी होती. अब्बा काचेला नाक लावून उभे राहिले, रस्त्याने मिठाईचे दुकान पाहणाऱ्या पोरासारखे. आतून एक मिस्तरी हात पुसत बाहेर आला, "उस्ताद!" म्हणून सलाम केला. दहा वर्षांपूर्वी अब्बांच्या हाताखाली शिकलेला पोरगा, अंगात कंपनीचा निळा शर्ट. अब्बांनी त्याला दोन शब्द सांगितले. त्याने चाक उचलून हाताने फिरवले, काउंटरवाल्याला बोलावून ऐकवले. बेअरिंग बदलले गेले, एक पैसा न देता. तीन रजा मात्र गेल्या.

त्या रात्री मी कायदा शोधत बसले. एका ग्राहकाच्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड केला होता. कंपन्या सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत, हा आक्षेप. त्याच आदेशात असेही आहे की बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट घालू नये. बाहेरच्या चुकीच्या कामाने जे बिघडले तेवढ्यापुरतीच नाकारावी. कंपन्या पुढे अपिलात आणि कोर्टात गेल्या. मी तो भाग अब्बांना वाचून दाखवला. ते शांतपणे ऐकत होते.

"दिल्ली में लिखा है," ते म्हणाले. "जळगाव में वो पूछेगा, किसने खोला?"

त्यांच्याकडे आता नवी गाडी येत नाही. वॉरंटी दोनची तीन झाली, वाढवून घेतली तर सहा. तेवढी वर्षे प्रत्येक गाडी जळगावला जाते आणि मुदत संपायच्या सुमारास विकली जाते, कारण सहा महिने शिल्लक असताना भाव बरा येतो. अब्बांकडे येतात त्या गाड्या, ज्यांचा कागद संपलेला आहे. विजेच्या गाड्यांच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर हे आता रुळले आहे. टाटाने २०२५ मध्ये काही गाड्यांना पहिल्या मालकासाठी आजीवन दिली. आजीवन म्हणजे पंधरा वर्षे. हे सांगितले तेव्हा अब्बा हसले, "पंधरह साल में तो मैं..." आणि चहा मागवला.

मागच्या महिन्यात शोरूममधून फोन आला. मॅडम, मूळ मुदत संपण्याच्या आत पैसे भरले तर वॉरंटी वाढवून मिळेल, ठरवून कळवा. मी फोन ठेवला तेव्हा अब्बा बाकावर बसून एक नट बोल्टवर चढवत होते. तो दोनदा निसटला. या वेळी ते पोऱ्याला ओरडले नाहीत. स्वतः वाकून उचलला, फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवला.

"ले ले," ते म्हणाले. "जितने साल का मिलता है, उतने का ले ले."

पैसे किती लागतात, ते त्यांनी विचारले नाही.