राधेचे हात आणि आंब्याचा चीक

पुरुषाने काही काळापुरता स्त्रीचा वेश धारण करावा आणि त्यात त्याला समाधान मिळावे, या प्रवृत्तीला आजच्या बोलण्यात क्रॉसड्रेसिंग म्हटले जाते. पारलिंगी व्यक्तीला जन्मतः नोंदवले गेलेले लिंग आपले वाटत नाही. क्रॉसड्रेसर मात्र बहुधा स्वतःला पुरुषच समजतो आणि वेश उतरवून आपल्या नेहमीच्या व्यवहाराला लागतो. हा भेद कागदावर जितका स्वच्छ दिसतो तितका माणसाच्या मनात असतोच असे नाही, तरीही पुढील अनुभव समजून घेण्यासाठी तो ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात या प्रवृत्तीला लपून बसण्यासाठी नमन-खेळे या लोकनाट्याची जागा फार पूर्वीपासून उपलब्ध आहे. शिमग्याच्या सुमारास मृदंग आणि झांजांच्या साथीने रंगणाऱ्या या खेळात आरंभीच्या स्तवनानंतर गवळण येते, आणि त्यातील राधा, तिच्या सख्या व त्यांची मावशी ही पात्रे परंपरेने पुरुषच वठवत आले आहेत. येथे ज्याचा अनुभव मांडला आहे तो पावस परिसरातील अशाच एका मंडळाची राधा असून वर्षाचे उरलेले दिवस तो आंब्याच्या बागेत राबतो. गावाने त्याला राधा म्हणून पाहिले आहे, वाखाणले आहे, क्वचित चिडवलेही आहे. परंतु लुगडे नेसल्यावर त्याला जे वाटते ते मंडळातल्या अन्य स्त्रीपात्रांना वाटत नाही, हे त्याने ओळखलेले आहे आणि कोणाला सांगितलेले नाही.

जुन्या काळी स्त्रीपात्राच्या अंगावरील केसांचा प्रश्न फारसा उद्भवत नसे. दिवट्यांच्या आणि पुढे पेट्रोमॅक्सच्या उजेडात, प्रेक्षकांपासून काही हात दूर नाचणाऱ्या राधेच्या मनगटावर लव आहे की दाट केस आहेत, हे कोणाला दिसत नव्हते. शहरी संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिकांसाठी कोवळ्या वयाची मुले निवडली जात, त्यामुळे तेथेही निदान आरंभी अडचण नसे. नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, 1905 साली किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून उभे राहिले तेव्हा सतरा वर्षांचे होते. आज परिस्थिती वेगळी आहे. हॅलोजनच्या झोतात खेळ होतो, प्रेक्षक मोबाइल घेऊन रिंगणाच्या काठाशी येतात, आणि मुंबईहून आलेले चाकरमानी त्याच रात्री छायाचित्रे नातेवाइकांना पाठवतात. बांगड्यांच्या वरचे काळे केस त्या छायाचित्रांत ठळक दिसतात, आणि राधेच्या केसाळ हातांवर झालेला विनोद वर्षभर पुरतो.

केस काढण्याचे तीन मार्ग त्याच्यासमोर होते. वस्तरा किंवा रेझर केसाला त्वचेच्या पातळीवर छाटतो. छाटलेल्या केसाचे टोक बोथट असल्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते खुंटासारखे टोचते, आणि त्यामुळेच दाढी केल्याने केस जाड होतात हा समज पसरला आहे, जो खरा नाही. केस विरघळवणारी क्रीम त्यातील रसायनाने केसाचे प्रथिन सैल करते, पण तिचा उग्र वास चार माणसांच्या घरात लपत नाही. वॅक्सिंगमध्ये मात्र केस मुळापासून उपटला जातो, त्यामुळे नवा केस वर येण्यास तीन ते सहा आठवडे लागतात. केस काढण्याची विद्या या देशाला नवी नाही, हे जाता जाता नोंदवण्यास हरकत नाही. सुश्रुतसंहितेत व्रणोपचाराच्या साठ उपक्रमांमध्ये लोमापहरणाचा समावेश आहे आणि वस्तरा, कात्री व चिमटा ही त्याची साधने सांगितली आहेत.

बायकांच्या पार्लरच्या दारावर ‘फक्त महिलांसाठी’ अशी पाटी असते आणि गावच्या केशकर्तनालयात वॅक्सिंगचे काम होत नाही, म्हणून त्याची थोरली बहीण, जी पार्लरचा कोर्स करून घराच्या एका खोलीत गिऱ्हाइके घेते, तिच्याकडे तो जाऊ लागला. नमनाचे निमित्त असल्यामुळे तिला काही विचारावेसे वाटले नाही. हीटरवरील डब्यात वॅक्स मधासारखे ओघळू लागले की ती थेंबभर स्वतःच्या मनगटावर लावून पाहते, कारण अति तापलेल्या वॅक्सने कातडी भाजते. मग त्याच्या हाताला पावडर लावून घाम टिपते, चपट्या पट्टीने केसांच्या दिशेने पातळ थर देते, वर कापड दाबते आणि एका हाताने कातडी ताणून धरत ते कापड उलट दिशेने, त्वचेला समांतर ठेवून झटक्यात ओढते. कापड वरच्या दिशेने उचलले तर केस मधेच तुटतात, आणि एकाच जागी दोन-तीनदा ओढले तर वरची कातडी सोलवटते, हे तिला अनुभवाने ठाऊक आहे. ‘श्वास सोड, मग ओढते, दाढी करतोस तसं नाही हे,’ असे ती पहिल्या पट्टीच्या वेळी म्हणाली होती. पुरुषी संप्रेरकांच्या परिणामाने पुरुषाच्या हातावरील केस जाड आणि खोल रुजलेले असतात, त्यामुळे प्रत्येक केसाच्या जागी लालसर उंचवटा उठतो आणि तो बसेपर्यंत रंगभूषा केल्यास पुळ्या येतात. म्हणून हे काम खेळाच्या दोन दिवस आधी उरकले जाते. शिवाय सगळे केस एकाच वेळी वाढीच्या अवस्थेत नसतात, काही कातडीखालीच असतात, आणि ते आठवड्याभरात डोके वर काढतात. ती कसर बहीण दोऱ्याने भरून काढते.

बहिणीच्या खोलीत दंड, हात, मान आणि चोळीच्या गळ्यातून दिसणारी पाठ एवढेच होते. नटाची गरज तेथे संपते. मांड्या आणि पोटऱ्या मात्र तो उरलेले वॅक्स घरी नेऊन, घरातली माणसे झोपल्यावर, स्वतःच करतो. घोट्यापर्यंत नेसलेल्या साडीखालचे पाय हॅलोजनला दिसत नाहीत, मोबाइललाही नाही, आणि मंडळाने ते कधी मागितलेले नाहीत. साडीचे सूत उघड्या, गुळगुळीत कातडीवरून सरकताना त्याला जे जाणवते तेवढ्यासाठीच ही वेदना तो पत्करतो. स्त्रीपात्र करणारा नट आणि क्रॉसड्रेसर यांच्यातील रेषा शोधायची असेल तर ती या पायांवर सापडते.

छातीला त्याने हात लावलेला नाही. गावच्या देवळात सोवळे नेसून उघड्या अंगाने बसावे लागते, आणि बोडकी छाती पाहिल्यावर विचारले जाणारे प्रश्न नमनाच्या निमित्ताने सुटणारे नाहीत. मिशीचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण वडील हयात असताना मिशी काढणे अशुभ मानले जाते. 1913 सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषानेच केली आणि त्या वेळी मिशी काढायला लावण्यासाठी दादासाहेब फाळक्यांना पुष्कळ समजूत घालावी लागली, असे सांगितले जाते. पावसच्या या राधेचे वडील वारलेले असल्याने तो पेच टळला, एवढेच.

खरी अडचण वेश उतरवल्यावर सुरू होते. लुगडे आणि गंगावन पेटीत जाते, चेहऱ्यावरचा रंग खोबरेल तेलाने निघतो, परंतु गेलेले केस महिनाभर परत येत नाहीत. शिमगा फाल्गुनात असतो आणि त्याच सुमारास हापूसची तोड सुरू होते. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबा उतरवताना देठातून उडणारा चीक साध्या कातडीलाही पोळतो. नुकतेच वॅक्स केलेल्या हातांवर तो पडला तर काळे चट्टे उठतात आणि ते लवकर जात नाहीत. त्यामुळे भर उन्हात पूर्ण बाह्यांचा सदरा घालून तो झाडावर चढतो, आणि गडी ‘साहेब झालास का’ असे विचारतात तेव्हा चिकाचे कारण सांगतो, जे खोटे नाही.

अलीकडे काही नमन मंडळांत स्त्रीभूमिका स्त्रियाच करू लागल्या आहेत, आणि हा बदल स्वागतार्हच आहे, कारण गवळणीचा खेळ बायकांनी कडेला बसून पाहायचा असा काही दंडक असण्याचे कारण नाही. त्याच्या मंडळाच्या बैठकीतही हा विषय निघाला. त्याने विरोध केला नाही, कारण विरोध केला असता तर त्याचे कारण द्यावे लागले असते. राधा एखाद्या मुलीकडे गेली तर मावशी त्याच्याकडे यावी, असे कोणीतरी सुचवले आहे. मावशीचे हात केसाळ असले तरी चालतात, किंबहुना तेवढाच विनोद अधिक होतो, हे त्याला ठाऊक असूनही त्याने बहिणीला वॅक्सचा डबा आणून ठेवायला सांगितले आहे.