मैलापूरच्या शेवया : आधी वाफ की आधी साचा?

चेन्नईच्या मैलापूर भागात कपालीश्वराचे दर्शन घेऊन, माड रस्त्यांवर फेरफटका मारून प्रवासी इडली-डोसा खातात आणि परततात. तमिळ घरांतल्या तांदळाच्या शेवयांची ओळख मात्र राहूनच जाते.

इडियाप्पम आणि सेवै दिसायला सारख्याच. फरक आहे तो क्रमाचा. इडियाप्पमसाठी तांदळाची पिठी गरम पाण्यात मळून साच्यातून जाळीदार चकत्या पाडतात, मग वाफवतात. वर गोड नारळाचे दूध किंवा सोबत कुर्मा.

सेवैसाठी उकडा तांदूळ भिजवून वाटतात, गोळे आधी वाफवतात आणि गरम असतानाच साच्यातून दाबतात. गोळा गार झाला की साचा हलत नाही, म्हणून हे काम दोघांनी मिळून करायचे. मग या शेवयांत लिंबू, चिंच, खोबरे किंवा दही घालून वर फोडणी देतात.

कोकणातल्या वाचकांना शिरवाळे आठवले असतील! तेही आधी उकडून मग साच्यातून काढलेले. सोबत गूळ घातलेला नारळाचा रस.

चेन्नईजवळ १९९८ मध्ये ह्युंदाईचे मोटार-उत्पादन सुरू झाले आणि शहरात कोरियन उपाहारगृहेही आली. त्यांच्या 'नेंगम्यॉन'चा क्रम तिसराच : कुट्टूच्या पिठाचा गोळा साच्यातून थेट उकळत्या पाण्यात, मग गार रश्श्यात.

घरात दुसरे हात मोकळे नसतील, तर वाळवलेल्या सेवैची पाकिटे मिळतात. पण साच्यातून नुकत्याच उतरलेल्या सेवैचा मऊपणा त्यांत नाही. मैलापूरला गेलात, तर न्याहारीला जरूर विचारा, "आज सेवै आहे का?"