मावशी कुठल्या पायरीवर बसतात?

लेण्याद्रीच्या पायथ्याशी कणसं भाजणाऱ्या मावशींना मुलाने मोटारसायकलवरून दवाखान्यात आणलं, तेव्हा भाद्रपदातली झड लागली होती. टेबलावर दोन्ही हात टेकवून, खांदे उचलून त्या बसल्या. "डॉक्टर... धाप..." यापुढे वाक्य जाईना. दम्यात मी स्टेथोस्कोप लावण्याआधी बोलणं ऐकतो. एका श्वासात वाक्य पुरं होत नसेल तर झटका तीव्र. नाडी 124, ऑक्सिजन 91. छातीत दोन्हीकडे शिट्ट्या वाजत होत्या, आणि मला त्यांचाच धीर वाटला. धाप तशीच राहून शिट्ट्या थांबल्या, तर हवा आत शिरतच नाही. ती वेळ जिवावरची.

मुलगा त्यांना आडवं करायला लागला. "झोपवू नकोस, बसू दे." 108ला फोन केला, ऑक्सिजन लावला. स्पेसरमधून साल्ब्युटामॉलचा एकेक फवारा, प्रत्येकाला चार-पाच श्वास, वीस मिनिटांनी पुन्हा तेच. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या लगेच दिल्या, कारण त्यांचा गुण यायला काही तास जातात. रुग्णवाहिका आली तोवर मावशी बोलू लागल्या होत्या. "बरं वाटतंय, घरी जाते." मी ऐकलं नाही. फवाऱ्याचा असर चार-सहा तासांत ओसरतो, श्वासनळ्यांची सूज मात्र तशीच असते. रात्री झटका पुन्हा गाठतो तो यामुळेच.

रुग्णालयातून परतल्यावर त्यांना निवांत बसवून विचारलं. दुकान मांडण्याआधी त्या रोज गिरिजात्मजाच्या दर्शनाला चढतात, पावणेतीनशेहून जास्त पायऱ्या. आषाढात एका दमात जात होत्या. श्रावणात मध्ये दोनदा बसावं लागलं. शेवटी तर चढण सुरू झाली की लगेच. रात्री खोकल्याने जाग यायची, साल्ब्युटामॉलचा निळा पंप रोज लागायचा. दमा महिनाभर वाढत होता, आणि घरचे म्हणत होते, वय झालं.

सूज कमी करणारा रोजचा पंप त्यांनी उन्हाळ्यात बंद केला होता. "बरं होतं की! आणि सवय लागते म्हणतात." या समजुतीचा मला फार राग येतो. त्या पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि ते थेट श्वासनळीत जातं. नुसत्या निळ्या पंपावर दमा सांभाळू नये, असं दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना 2019पासून स्पष्ट सांगतात. मावशींना पंप ओढून दाखवायला सांगितलं, तर अर्धं औषध जिभेवरच. स्पेसर दिला, नंतर चूळ भरायला शिकवलं.

राहिला कोळशाचा धूर. ऐन हंगामात दुकान बंद करा, असं मी कुठल्या तोंडाने सांगणार? आता भाजायला मुलगा बसतो; मावशी वाऱ्याच्या वरच्या अंगाला गॅसवर शेंगा उकडतात. दुकानाच्या पत्र्यावर मुलाने माझ्या सूचना मोठ्या अक्षरांत लिहिल्यात: निळा पंप आठवड्यात दोनदाहून जास्त लागला किंवा आई नेहमीच्या पायरीआधीच बसली, तर त्याच दिवशी दवाखाना; फवारा घेऊन चार तास निभले नाहीत किंवा बोलताना शब्द तुटले, तर थेट 108.