परक्या घरची माणसं

दुसऱ्याच्या आजीचा फोटो पैसे मोजून घरी आणणं हा तसा चमत्कारिक उद्योग. "ह्या कोण?" घरात विचारणा होते. माहीत नाही म्हटलं की लगेच, "मग आणल्या कशाला?" यावर समोरच्याला पटेल असं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी आणि मुंबईच्या चोर बाजारात शुक्रवारी ही माणसं भेटतात. बंद घड्याळं, पितळी कड्या आणि बिनजोडीच्या कुलपांच्या पायाशी एखाद्या पत्र्याच्या डब्यात ती गठ्ठ्याने पडलेली असतात. वाडा पडतो, तिथे इमारत उभी राहते आणि नव्या फ्लॅटच्या भिंतीला खिळा ठोकायचा नसतो. भांड्यांची वाटणी होते, फोटो कुणी मागत नाही. पूर्वजांना केराच्या टोपलीत टाकवत नाही, म्हणून रद्दीवाल्याला देतात. तो चौकट आणि काच वेगळी काढतो, आणि उरलेला पुठ्ठा फिरत फिरत आमच्यासारख्यांच्या हाती लागतो.

या पुठ्ठ्याला फोटोवाले कॅबिनेट कार्ड म्हणतात. साधारण साडेसहा इंच उंच, सव्वाचार इंच रुंद. मागे स्टुडिओचं नाव वेलबुट्टीच्या अक्षरात, मिळालेली पदकं आणि निगेटिव्हची काच जपून ठेवली आहे, प्रती केव्हाही मिळतील अशी हमी. पुढच्या बाजूला पातळ कागद चिकटवलेला. एकोणिसाव्या शतकातला असेल तर तो बहुधा अंड्याच्या पांढऱ्याचा. अंड्यातला पांढरा भाग मीठ घालून फेटायचा, कागदावर त्याचा थर द्यायचा, वाळला की चांदीच्या क्षाराच्या द्रावणात तरंगवायचा आणि काचेखाली उन्हात ठेवायचा. अशा कागदावर उमटलेल्या एक सोवळ्यातल्या आजी माझ्याकडे आहेत. आपण कशावर बसलो आहोत हे त्यांना कुणी सांगितलं नसावं, आणि ते बरंच झालं.

त्यांच्या मागे पडद्यावर रंगवलेले विलायती खांब आहेत आणि कुठेही न जाणारा एक जिना. शेजारच्या तिवईवर जाड पुस्तक. तेच पुस्तक त्याच स्टुडिओच्या दुसऱ्या फोटोत एका गृहस्थांच्या मांडीवर आहे, म्हणजे ते दोघांपैकी कुणाचंच नव्हे. तेव्हा काही सेकंद निश्चल राहावं लागे, म्हणून मानेमागे लोखंडी टेकू लावत. गृहस्थांच्या धोतराआडून त्या टेकूचा पाय डोकावतो. चेहऱ्यावरच्या करारीपणाचं थोडं श्रेय त्या लोखंडालाही द्यायला हवं.

आपल्या घरच्या अल्बममध्ये मला हे कधी दिसलं नव्हतं. तिथे आपण बघतच नाही, ओळखतो. हा काका, ही मावशी, हा कोण बरं, अगं तो नाही का वाईचा! नाव सापडलं की पान उलटलं. परक्याच्या फोटोत नाव सापडायची सोयच नसते, त्यामुळे नजर खाली उतरते. पदराच्या काठावर, पायातल्या नव्या आणि बहुधा चावणाऱ्या बुटांवर, धाकट्याच्या खांद्यावर ठेवलेल्या, ठेवला आहे की दाबला आहे हे न कळणाऱ्या हातावर. या छंदातले काही जण अशा फोटोंवर गोष्टी रचतात: ही दुःखी होती, याचं तिच्यावर प्रेम होतं. मला ते रुचत नाही. त्या बाईंनी आपला चेहरा आपल्याला दिला आहे, आयुष्य दिलेलं नाही. मी पाठीवर पेन्सिलीने फक्त कुठे मिळाला ते लिहितो.

पोस्टकार्डांचं मात्र वेगळं. ती मुळातच उघडी. आपल्याकडे 1 जुलै 1879 पासून पाव आण्यात, म्हणजे एका पैशात, कार्ड जाऊ लागलं आणि मजकूर पोस्टमनसकट वाटेतल्या साऱ्यांना वाचायला मोकळा झाला. त्यामुळे दुसऱ्याचं कार्ड वाचताना मला चोरटेपणा वाटत नाही. निम्मं कार्ड 'सा. न. वि. वि.' आणि 'लोभ असावा' यांतच जातं, उरलेल्यात आंब्याची पेटी, कोर्टाची तारीख आणि सुनेचं बाळंतपण. मोडीतलं असेल तर तेवढंही नाही, नुसती धावती रेघ. शुभवार्तेच्या कार्डाला कुंकवाचं बोट लागे, मृत्यूच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे आणि ते वाचून लगेच फाडून टाकायची रीत होती. म्हणून बाजारात कुंकवाची कार्डं मिळतात, कोपरा फाडलेली जवळजवळ नाहीत. पुढे कुणी हा गठ्ठा पाहून म्हणेल, काय सुखी लोक होते!

चित्रांच्या कार्डांचा थाट न्यारा. सुरुवातीला मागच्या बाजूला फक्त पत्ता लिहायची मुभा होती, मजकूर चित्राच्या कडेला मावेल तेवढा. मागची बाजू दुभागायची परवानगी इंग्लंडने 1902 मध्ये दिली. त्याआधीच्या कार्डांवर बोरीबंदरच्या आभाळात कुणीतरी तब्येतीची चौकशी केलेली असते. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या एम. व्ही. धुरंधरांनीही मुंबईच्या रस्त्यावरच्या बायामाणसांची कार्डं काढली, थोडी थट्टेखोर, पण नऊवारीची चुणी चुकायची नाही. अमेरिकेचा नामांकित छायाचित्रकार वॉकर इव्हान्स तर लहानपणापासून साध्यासुध्या गावांची कार्डं गोळा करत राहिला. त्याची सुमारे नऊ हजार कार्डं आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. घरच्यांना मी हे सांगून पाहिलं. नऊ हजार या आकड्याने त्यांची काळजी वाढली.

एका फोटोशी मात्र मी अडतो. स्थळासाठी काढलेला. मुलगी उभी, हात खुर्चीच्या पाठीवर, नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला. मागे शाईने उंची, शिक्षण, आणि खाली 'पसंत नसल्यास फोटो परत करावा'. परत गेला नाही हे उघड आहे. पसंत पडली म्हणून, की पाठवणं राहून गेलं म्हणून, हे ठरवायचा मोह होतो. इथे माझा नियम डळमळतो, हे मान्य करतो.

भाव मात्र कधीच सरळ नसतो. चेहरा सुंदर आहे की फोटो जुना, याच्याशी बाजारात तो डबा मांडून बसणाऱ्या चाचांना कर्तव्य नाही. ते गिऱ्हाईकाच्या डोळ्यांकडे बघतात. एकदा मी एक फोटो जरा जास्तच वेळ हातात धरला, तर त्यांनी विचारलं, "घरचे आहेत का साहेब?" नाही म्हटलं. "मग वीस द्या. घरचे असते तर दोनशे सांगितले असते."